दुसरीचं गाणं

गाणं संपलं आणि ठोक्याने हेडफोन काढून गळ्यात अडकवला. चेहरा असा, की चहात मीठ पडलंय पण करणाऱ्याला सांगायचं कसं.

"बोल की," दुसरी माइकपाशीच उभी होती.

तिला सगळे दुसरीच म्हणायचे. मोठ्या गायिका पुढे गायच्या, ही मागे दुसरा आवाज लावायची. म्हणजे मूळ चालीच्या खालून वेगळा सूर धरायचा, पुढच्या आवाजाला आधार म्हणून. "दुसरीला बोलवा" म्हटलं की ही हजर. ठोक्या ताल बसवायचा, रेकॉर्डिंगही तोच करायचा. त्याने एकदा बायकोला फोनवर सांगितलं होतं, दुसरी आलीये, आज उशीर होईल. पुढे घरी काय झालं ते तो अजून कुणाला सांगत नाही.

आज मात्र गाणं तिचं होतं. शब्द तिचे, चालही तिची. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, खिडकीत उशा कोंबलेल्या. आणि गाणं बाईंनी मागितलं होतं.

बाई म्हणजे जिच्या मागे दुसरी सगळ्यात जास्त गायली ती गायिका. चाल कानावर पडली तशी म्हणाल्या, हे मला दे, मी गाते, तू नेहमीसारखी मागे असशीलच. दुपारी फोन करते, तेव्हा काय ते सांग. यात वाईट काहीच नव्हतं. बाई गाणार म्हणजे गाणं घराघरांत जाणार. तरी दुसरीचा जीव अडकला होता. तिने ठोक्याला सांगितलं, आधी मी गाऊन बघते. जमलं तर माझं, नाही जमलं तर बाईंचं.

आणि जमत नव्हतं. सूर पक्का, शब्द तर स्वतःचेच. तरी सकाळपासून गाणं ऐकलं की वाटायचं, जेवणाचं ताट वाढलंय आणि जेवणारा उठून गेलाय.

ठोक्याने तिचंच रेकॉर्डिंग लावलं आणि पेटीवर एका बोटाने मूळ चाल वाजवायला लागला. ती चाल तिच्या आवाजावर अशी बसली, की जणू दोघं ठरवून आले होते.

दुसरी ऐकत राहिली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला.

सकाळपासून ती स्वतःच्या गाण्याला दुसरा आवाज लावत होती. मूळ चाल गायलीच नव्हती. इतकंच नाही, प्रत्येक ओळीत शेवटचं अक्षर गिळलं होतं. मागे गाणाऱ्याने गिळायचंच असतं, पुढचीचं अक्षर स्वच्छ उमटावं म्हणून. आणि प्रत्येक ओळीला अर्धा श्वास उशिरा आली होती. आधी पुढचीने सुरू करायचं, मग आपण.

ती मटकन खाली बसली. आधी हसू आलं. ते थांबता थांबेना. मग ते हसू राहिलं नाही.

ठोक्याने पाण्याची बाटली पुढे केली. "अगं, जागा धरून ठेवलीयेस," तो म्हणाला. "कुणासाठी?"

तेवढ्यात फोन वाजला. बाई. दुसरीने फोन उलटा करून ठेवला. बाईंचा फोन तिने आजवर आंघोळ अर्धी टाकून उचलला होता. ठोक्या तोंडाचा आ करून बघत राहिला.

"लाव," ती उठत म्हणाली.

त्याने एक शहाणपणा केला. सकाळचं रेकॉर्डिंग पुसलं नाही, तिच्याच कानात सोडलं. आता तिच्या मागे कुणीतरी होतं. अक्षरं गिळणारं, वाट बघणारं, सुराला घट्ट धरून ठेवणारं. आजवर तिच्या मागे कुणी उभंच राहिलं नव्हतं. आणि जे कुणी होतं ते फार सुंदर गात होतं.

तिने कुणाची वाट न बघता ओळ घेतली.

पहिल्या ओळीला आवाज थरथरला. दुसऱ्या ओळीला सावरला. धृपदाला तो असा चढला, की ठोक्याचा हात बटणावरून हटेना. शेवटचं अक्षर तिने गिळलं नाही. पुरतं म्हटलं, ठेवलं आणि मग सोडलं. खाली दुकानातली ठोकाठोक थांबली होती. कधी थांबली, दोघांनाही कळलं नाही.

मग तिने स्वतःहून फोन लावला. "बाई, ते गाणं मी ठेवतेय."

बाईंनी कोरडेपणाने विचारलं, की मागे कोण आहे.

"मीच."

"तुझ्याच मागे तू? सपाट होईल ते, वेडे. दोन्हीकडे एकच आवाज." बाई थांबल्या. घसा साफ केल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. "मी येते. सूर कुठला धरायचा तेवढं सांग."

ठोक्याने कपाळाला हात लावला.

दुसरीने फोनवरच सूर सांगितला. बाईंनी तो लगेच पकडला. मग हिने धृपद घ्यायला श्वास घेतला, तर हिच्या आधीच पलीकडून बाई सुरूही झाल्या. मोठ्या, भरलेल्या, पुढे राहायची सवय झालेल्या आवाजात.

तिने त्यांना थांबवलं.

"बाई," ती म्हणाली, "मी घेतल्यावर या."