खिशातला फ्यूज

नवं मीटर भिंतीवर बसलं होतं. इमारतीचा मेन फ्यूज तेवढा परत लावायचा बाकी होता आणि तो वायरमनच्या शर्टाच्या खिशात होता. फ्यूज उपसला की खिशात टाकायचा, ही त्याची वीस वर्षांची सवय. आपले हात तारांवर असताना कुणा शहाण्याने लाईट चालू केली, तर मग मढंच उचलावं लागतं.

"झालं का हो?" सात नंबरची सून जिन्यावरून ओरडली. तिची सासू श्वासाच्या मशीनवर होती. जुन्या मीटरची तार जळून ते मशीन दिवसातून चारदा बंद पडायचं, म्हणून तिनंच घरात कुणाला न सांगता तक्रार केली होती. लाईट नसताना आई जेमतेम पाच मिनिटं काढतात, हेही तिनंच बजावलं होतं. त्यातली चार संपली होती.

"अर्धा मिनिट, वहिनी," म्हणत त्याने खिशाकडे हात नेला आणि मागून कुणीतरी त्याची मानगूट धरली.

जिन्याखालच्या बोळात पंधरा-वीस माणसं घुसली होती. पुढे सर होते, शाळेत कवायत शिकवणारे. गेले दोन महिने ते गल्लीत घसा फोडून सांगत होते, की हे मीटर घोड्यासारखं पळतं, आणि उद्या ऑफिसात बसून कुणीतरी बटण दाबेल नि तुमच्या घरात अंधार करेल. लोकांना ते पटायचं. ऑफिसवाल्यांनी तरी आजवर कुणाला धड उत्तर कुठे दिलं होतं?

"चोरून बसवतोस?"

"सर, आधी फ्यूज लावू द्या. सात नंबरला आजारी माणूस..."

"सात नंबर माझा आहे!" सरांनी त्याच्या तोंडात भडकावली. "माझ्या घरी हे मीटर? माझी बायको मला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही. थापा मारतो साला!"

म्हणजे मशीनवरची म्हातारी यांचीच आई. हे सांगायला वायरमनने तोंड उघडलं आणि त्याचाच पाना त्याच्या जबड्यावर बसला. दात तुटून जिभेवर आला. केसांना धरून त्याला अंगणात ओढत नेलं. कुणी पोटात लाथ घातली, कुणी पाठीवर पाईप हाणला. उजवा हात त्याने जमिनीवर टेकला, तर त्यावर कुणीतरी बूट ठेवून फिरवला. बोटं कडाकडा मोडली. तो गुरासारखा ओरडला. वर जिन्यातही कुणीतरी ओरडत होतं, पण खाली सगळेच ओरडत होते.

"खिशात काय दडवलंय बघा रे!"

शर्ट फाटला. पांढरा, चिनीमातीचा फ्यूज फरशीवर पडला.

"हेच ते! ऑफिसला खबर देणारं यंत्र!"

"नाही हो, नाही, तो फ्यूज..."

त्यावर धोंडा पडला. एकदा पडून भागलं नाही, म्हणून पुन्हा दोनदा पडला.

तेवढ्यात सून अनवाणी धावत खाली आली. "अहो, आईंचं मशीन बंद आहे! जीव चाललाय त्यांचा! मीच बोलावलंय याला, मीच!" एवढं बोलून ती आल्या पावली वर पळाली.

सगळे हात जागच्या जागी थांबले. मग लाथा घालणारेच "दादा, सांभाळून" म्हणत त्याला उचलून आत घेऊन गेले. माणूस नडला की त्याच्या जिभेवर साखर यायला वेळ लागत नाही.

"जाड तारेचा तुकडा पकडीत धरा," तो रक्त थुंकत म्हणाला. "फ्यूजच्या वरच्या खोबणीतून खालच्या खोबणीत दाबा. बस्स."

सरांनी पकड उचलली. "वरच्या खोबणीत करंट आहे?"

"आहे. रबरी मूठ सोडू नका, काही होत नाही."

पकड पुढे गेली आणि वीतभर अंतरावर थांबली. सरांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. एक डोळा मिटलेला, हनुवटीवरून रक्त ओघळतंय, बोटं वाकडीतिकडी. हे सगळं कुणी केलं, ते सरांना ठाऊक होतं.

"मला चिकटवून मारायचा बेत असेल तुझा."

"सर, देवाशपथ नाही."

"नका हात लावू, सर," मागून कुणीतरी बोललं. "सूड घेईल तो."

वायरमनने स्वतःच पकड घेऊ पाहिली. उजव्या हाताची बोटं मिटेनात, डावा खांदा वर जाईना. त्याला रडू कोसळलं. अंगातल्या कळांपेक्षा रागच त्याला अनावर झाला होता. "अहो, तुमची आई आहे वर! माझी नाही!"

सर जागचे हलले नाहीत.

मग वायरमन भिंतीला घासत त्यांच्याजवळ सरकला. आपला मोडका पंजा त्याने सरांच्या उघड्या मनगटावर दाबला.

"घ्या. तुम्ही मेलात तर मीही मेलो. दाबा आता."

सरांनी डोळे मिटून तार दाबली. चर्र झालं, ठिणगी उडाली आणि जिन्यातला दिवा लागला. बोळातल्या माणसांनी हुश्श केलं. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

जिन्याच्या वळणावर सून येऊन उभी होती. कधी आली, कुणाला कळलं नव्हतं. आता ती ओरडत नव्हती. पदराने हात पुसत ती खाली बघून म्हणाली,

"अहो, राहू द्या आता."