यंत्रानं पास केलेली लेन्स

कुंदा सोनटक्के यांनी उणे बारा नंबरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चिमट्यातली ओली लेन्स डोळ्यापासून चार बोटांवर धरली. जालन्याच्या या कारखान्यातून शाळकरी मुलांसाठी कॉन्टॅक्ट लेन्स जात. त्यांच्यावरच्या बारीक वलयांमुळे वाढत्या वयात डोळ्यांचा नंबर वाढत नसे. पंचविशीच्या आतल्या कुणाच्या नाकावर आता चष्मा दिसत नव्हता.

"तिसरं वलय सरकलंय," कुंदाताई म्हणाल्या. "ही खेप थांबव."

नव्यानं आलेल्या इंजिनिअर नौशीनला ते पटेना. "ताई, यंत्रानं सगळ्या लेन्स पास केल्यात. मला तर काहीच दिसत नाही."

"तुझी नजर चांगली आहे, म्हणून. इतक्या जवळचं माझ्यासारखीलाच दिसतं."

बारा हजार मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न होता. नौशीननं खेप अडवली आणि यंत्र उघडलं. ज्या नमुन्याच्या लेन्सशी यंत्र बाकीच्या ताडून पाहायचं, तीच केसभर कलली होती.

ती धावतच परत आली. "ताई, तुमचंच बरोबर निघालं! पण मार्चमध्ये तुम्ही निवृत्त झालात की काय करायचं? अख्ख्या जिल्ह्यात तरुणांमध्ये असे डोळे उरले नाहीत. तुमच्या जागी आणायचं कुणाला?"

कुंदाताई मनापासून हसल्या. "कुणी मिळताच कामा नये. तीस वर्षं त्यासाठीच तर इथं बसलेय."

मग त्यांनी खणातून एक जाड भिंग काढून नौशीनच्या हातात दिलं आणि शेजारची खुर्ची ओढली. "बस. वलयं कशी मोजायची, ते आजच शिकून घे."