वरच्या खोलीतले गृहस्थ

बाईंनी दार उघडलं तेव्हा वकिलातीतला कारकून पायपुसण्यावर बूट घासत होता, आणि त्याची नजर आधीच आतल्या चपलांच्या खणावर गेली होती. खणात दोन जोड होते. एक बाईंचा, एक पुरुषाचा.

"वरच्या खोलीत एक गृहस्थ असतात," बाई म्हणाल्या. त्याने काही विचारलं नव्हतं.

कारकुनाने मान हलवली आणि जेवणाच्या टेबलावर दोन फायली ठेवल्या. एक वीतभर जाड, दोरीने करकचून बांधलेली. दुसरीत जेमतेम तीन कागद.

हयातीचा दाखला द्यायला दरवर्षी बाईच वकिलातीत जायच्या. या वर्षी कारकूनच घरी आला होता, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. मायदेशातून दर महिन्याला पेन्शन येते एवढं पाहून इथली कचेरी व्हिसा वाढवून द्यायची, आणि व्हिसा होता म्हणून ही कोरडी हवा होती. तिकडे दम्याने बाईंना तीनदा इस्पितळात पोचवलं होतं. इथे अकरा वर्षांत एकदाही नाही. पेन्शन थांबली की बाड-बिस्तरा गुंडाळून परत त्या ओलसर शहरात जायचं, आणि तिथला एक हिवाळासुद्धा निघायचा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काकू, व्हिसाचं कार्ड?"

बाईंनी पत्र्याचा डबा मांडीवर घेतला, झाकण किलकिलं करून एक कार्ड काढलं आणि डबा लगेच बंद केला.

कारकून भिंतीवरचा फोटो न्याहाळत होता. गोल चेहरा, जाड काड्यांचा चष्मा, भरघोस मिशा. फोटोखाली ताजं फूल.

"हे तुमचे मिस्टर ना, आमच्याच पेन्शन खात्यातले? आमचे साहेब यांच्याच हाताखाली शिकले. दाखला मुदतीत आला नाही तर नाव सरळ मयतांच्या यादीत, हा नियम यांनीच बसवला म्हणतात. कागदावर नाही तो माणूस नाहीच, असं म्हणायचे."

"म्हणायचे खरे," बाई म्हणाल्या. "माणूस समोर येऊन उभा राहिला तरी त्याच्याकडे कागद मागायचे."

"कडक होते."

"नको तितके."

जिन्यावर पावलं वाजली. वरच्या खोलीतले गृहस्थ खाली आले. किरकोळ अंगाचे, गुळगुळीत दाढी केलेले, डोक्यावर लोकरीची टोपी. त्यांनी फडताळातून एक गोळी काढली, पेल्यात पाणी ओतलं आणि दोन्ही बाईंसमोर ठेवलं. घड्याळात अकराचे ठोके पडले. कारकुनाने ते गोळी-पाणी पाहिलं, आणि त्याने पाहिलं हे बाईंनीही पाहिलं.

"काका, इथे किती वर्षं झाली?"

"वरच्या खोलीत तीन."

"काकूंच्या मिस्टरांना ओळखत होता?"

गृहस्थांनी फोटोकडे नाखुशीनेच पाहिलं. "थोडंफार. मला विचाराल तर जरा शिष्टच होते."

बाईंना ठसका लागला. त्या घाईघाईने पाणी प्यायल्या.

कारकुनाने खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं. "काकू, राग मानू नका. निनावी आहे. तुम्ही दोघं संध्याकाळी हातात हात घालून फिरता, तुम्ही लग्न केलंय, असं लिहिलंय. पुन्हा लग्न केलं की नवऱ्यामागे मिळणारी पेन्शन बंद होते. माझा नाइलाज आहे."

"रस्ता चढाचा आहे," बाई म्हणाल्या. "मला दम लागतो. कुणी हात धरला नाही तर मी तिथेच बसकण मारीन."

"म्हणजे लग्न नाही केलेलं?"

"आयुष्यात एकदाच केलं. त्या एकानेच इतकं पिडलंय, दुसऱ्याची हौस नाही."

कारकुनाला हसू आवरेना. तो गृहस्थांकडे वळला. "आणि काका, तुमच्या घरी कोण?"

"बायको आहे. खमकी आहे. तिच्या हयातीत दुसरं लग्न करायची माझी छाती नाही."

बाईंनी पेला जरा जोरातच टेबलावर ठेवला.

कारकुनाला एवढं पुरे होतं. ज्याची बायको हयात आहे तो लग्न कुठून करणार? त्याने पत्राच्या कोपऱ्यात 'तथ्य नाही' असं लिहिलं. 'पुनर्विवाह केलेला नाही' या ओळीखाली बाईंनी सही केली. शिक्का बसला, आणि व्हिसासाठीचं पत्रही तिथल्या तिथे हातात पडलं.

निघताना कारकुनाने जाड फाईल कशीबशी काखोटीला मारली. "तुमची तीन कागदांची, आणि मिस्टरांची बघा. काय एवढं लिहीत होते?"

"अर्ज," बाई म्हणाल्या. "कुणी वाचले नाहीत."

"बंद झालेली फाईल कोण उघडतंय, काकू!"

फाटक वाजलं. बाई खुर्चीत बसल्या. व्हिसाचं पत्र त्यांनी छातीशी धरलं होतं. आणखी एक वर्ष श्वास घेता येणार होता. डोळे भरून आले ते त्यांनी पदराने पुसले.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते फूल उचला आधी. मला बघवत नाही."

गृहस्थांनी फूल उचललं, टोपी काढली, फोटो भिंतीवरून उतरवला आणि आरशासमोर आपल्या चेहऱ्याशेजारी धरला.

"मिशी मात्र मला शोभायची."

"खबरदार परत ठेवाल तर! कुणी ओळखलं म्हणजे?"

"कोण ओळखणार? दाखल्याला उशीर झाला आणि माझ्याच नियमाने मी मयतांच्या यादीत गेलो. मी जिवंत आहे म्हणून सतरा अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. मी गेलो म्हणून तू एकच केलास, आठ दिवसांत मंजूर."