पुढे ओढलेली सीट

बायको वारल्यापासून बंद असलेला तिचा मोबाइल चालू केला, त्या दिवशी गाडीचा विमा रद्द झाल्याचं कळलं. हप्त्याचे निरोप तिलाच यायचे. नव्या विम्याचा हप्ता दुप्पट निघाला. लेक म्हणाली, “बाबा, दारात हत्ती कशाला पोसता? विका.” मला विकवेना. विम्याचा एजंट गाडी तपासायला आला. आत बसताना त्याचे गुडघे स्टिअरिंगला आपटले. “काका, सीट एवढी पुढे? चालवता कसे?” “ती चालवायची. बुटकी होती.” त्याने सीट सरकवायला हात घातला. “राहू दे.” त्याने बाहेरूनच फोटो काढले. “काकूंनी कधी भरपाई मागितली?” “छे, सायकलवाल्यालाही आधी जाऊ द्यायची.” “मग भरपाई न मागितल्याची त्यांची सवलत तुम्हाला मिळते. हप्ता निम्म्यावर येईल.” मी हुश्श करून पायरीवर टेकलो. लेक हसली, “ठेवा तुमचा हत्ती.” विमा झाला. सीट मागे सरकवायची अजून राहिली आहे.