ठिपका

"आई, सापडली! पार गेटबाहेर गेलीये!" शर्वाणी अंगणातून ओरडली. काल आम्ही एका गोगलगायीच्या शंखावर नेलपेंटचा ठिपका दिला होता, ती दिवसभरात किती लांब जाते ते पाहायला.

लेकीला घरीच शिकवायचं म्हणून मी प्रयोगशाळेतून वर्षाची रजा घेतली होती. वर्षभर गेटबाहेर पडले ती तिला पानं, दगड, पक्षी दाखवायलाच. रजा आज संपत होती. "कळवून टाक, येत नाही म्हणून," सकाळी नवरा म्हणाला. "घरी किती छान चाललंय तुमचं."

मी फोन घेऊन ओट्याशी उभी होते. टाचेला काहीतरी गार लागलं. खाली लेक, हातात नेलपेंटचा ब्रश.

"हे काय गं?"

"आता तू किती लांब जातेस, बघू."

ठिपका वाळेपर्यंत मी हलले नाही. मग फोन लावला.

"सर, सोमवारपासून येतेय."