उजवीकडे, डावीकडे
रस्त्याचे नियम मुलांच्या कितपत अंगवळणी पडलेत, ते तपासायला शिक्षणखात्याचे दिपोटीसाहेब पोलादपूरच्या पुढे, हमरस्त्याला लागून असलेल्या शाळेत आले. अंगणात फक्कीने रस्ता आखून त्यांनी एकेकाला तो ओलांडायला लावलं. पोरं थांबायची, उजवीकडे-डावीकडे मान वळवायची आणि टेचात पार जायची. रखमा मात्र मान ताठ ठेवून नुसते डोळे फिरवत गेली. साहेबांना वाटलं, एवढी एकच ढ.

"मान का नाही वळवलीस गं?"

"रस्त्यापल्याडनं येताना डोईवर हंडा असतो ना. मान वळवली की पानी सांडतं."

साहेब हसले. "मग आईला आणू दे की पाणी!"

शेजारी उभ्या गुरुजींनी मान खाली घातली.

"पयलं आयच आनायची," रखमा म्हणाली. "तिनंपन मान नाय वळवली."