पाचवा फाउल

"भिंत हो म्हटलं, उत्तरा! झुलता पूल नव्हे!" टाइमआउटमध्ये निंबाळकर सर कळवळले.

भारत एका गुणाने मागे, शेवटची चढाई बाकी. उत्तराने प्रतिस्पर्धी खेळाडूची वाट अडवून स्तब्ध उभं राहायचं, तेवढ्यात जसलीनने मोकळं होऊन बास्केट करायची. अडवणारी हलली की फाउल. उत्तराचे चार झालेले, पाचव्याला बाहेर. पण वडिलांच्या कीर्तनात मागे टाळ धरून वाढलेला तिचा सहाफुटी देह उभा राहिला की डोलायचाच!

"पांडुरंगा, उभं कसं राहायचं ते तूच दाखव," म्हणत तिने डोळ्यांसमोर विटेवरची मूर्ती आणली. आणि काय सांगावं! पाय असे रुतले, की समोरची मुलगी धाडकन आदळली तरी तसूभर हलले नाहीत. जसलीनचा चेंडू जाळीत पडला.

तोच शिट्टी. बास्केट रद्द.

"सर, पाय हलले नाहीत हो!"

"पाय नाही गं माते, हात! कमरेवर कशाला ठेवलेस? तिला कोपर लागलं!"

बाकावर बसून उत्तराला रडता रडता हसू फुटलं. देवाचं अठ्ठावीस युगं निभावलं खरं, पण तिथे शिट्टी वाजवायला पंच नव्हता.